बेळगाव, खानापूर, निपाणी परिसर: वाचनालय, संग्रहालय, कलादालन याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात पुस्तक, जुना कागद किंवा चित्र घेऊन निघालेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या दारात जाऊन परत येतो. दोष त्याचा नसतो. एका जिल्ह्यात खासगी मराठी वाचनालये, कर्नाटक शासनाची ग्रंथालये, लष्कराच्या हद्दीतील दालने आणि जुन्या संस्थानांची विखुरलेली दप्तरे एकत्र नांदतात, आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

सभासद कुठे व्हावे? सरकारी ग्रंथालयात की मराठी वाचनालयात?

शक्य असेल तर दोन्हीकडे. मराठी कथा-कादंबऱ्या, नाटके, दिवाळी अंक आणि जुनी मासिके हवी असतील तर लोकवर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाला पर्याय नाही. गणपत गल्लीतील सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांसाठी पहिली चौकशी तिथे करावी. स्पर्धा परीक्षांची इंग्रजी-कन्नड पुस्तके, राजपत्रे आणि वृत्तपत्रांसाठी शासकीय ग्रंथालय सोयीचे.

शासकीय ग्रंथालय १९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालते. घरपट्टीबरोबर ६ टक्के ग्रंथालय कर घेतला जातो. पावती नीट वाचली तर दिसेल. म्हणजे शहरातला घरमालक सभासद नसला तरी पैसे भरतोच आहे. मग हक्काने जावे आणि मराठी पुस्तकांची मागणी लेखी द्यावी. 'मराठी पुस्तके मागवत नाहीत' अशी तक्रार तोंडी खूप ऐकू येते, मागणीच्या वहीत मात्र शीर्षके फार थोडी सापडतात. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत लिहून दिली तर खरेदीच्या यादीत ते येण्याची शक्यता वाढते.

गावातले ग्रंथालय ग्रामपंचायतीकडे असते, पाटीवर 'अरिवु केंद्र' असे लिहिलेले दिसेल. तिथली मागणी पंचायतीत द्यायची, शहरातल्या ग्रंथालयात नाही.

काय कागद लागतात? आम्ही चंदगडचे आहोत, चालेल का?

ओळखपत्राची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो आणि अनामत रक्कम. अनामत परत मिळते, वर्गणी मिळत नाही, म्हणून दोन्हींच्या पावत्या वेगळ्या मागून घ्याव्यात. महाराष्ट्रातला पत्ता असेल तर खासगी वाचनालये सहसा अडवत नाहीत, फक्त बेळगावातल्या एखाद्या सभासदाची हमी किंवा जास्त अनामत मागतात. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता आणि बाजारहाट, कॉलेज, दवाखान्यासाठी तिकडची माणसे आजही इकडेच येतात. शासकीय ग्रंथालयात मात्र स्थानिक पत्त्याचा आग्रह असतो. खोली भाड्याने घेतलेल्या विद्यार्थ्याने कॉलेजचे बोनाफाईड न्यावे.

संगणकात पुस्तक दिसते, पण कपाटात सापडत नाही. का?

नेहमीची कारणे दोन. पहिले, दशांश वर्गीकरण असलेल्या ग्रंथालयात मराठी साहित्य ८९१.४६ खाली असते आणि कन्नड साहित्य ८९४.८१४ खाली, म्हणजे दोन्हींची कपाटे लांब पडतात. मराठीतही कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. आत्मचरित्र कादंबऱ्यांत शोधले तर मिळणार नाही, ते बहुधा ९२० च्या घरात.

दुसरे कारण आपल्याच भागातले. मराठी पुस्तकाची नोंद कधी कन्नड लिपीत, कधी रोमन लिपीत केलेली असते, आणि 'ळ', 'च', 'झ' यांची रोमन स्पेलिंगे नोंद करणाऱ्यागणिक बदलतात. पूर्ण नाव टाकू नका. लेखकाच्या आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे टाकून यादी खाली सरकवत पाहा. तरीही नाही मिळाले तर दाखल क्रमांक (ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नोंदीचा क्रमांक) लिहून घ्या आणि ग्रंथपालांना द्या. दाखल नोंदवहीवरून पुस्तक बांधणीला गेले आहे, बाद झाले आहे की कुणाकडे अडकले आहे, हे कळते.

पुस्तक हरवले किंवा भिजले तर?

हरवले तर तीच आवृत्ती आणून द्यावी किंवा आजची किंमत भरावी. जुन्या छापील किमतीवर वाद घालू नये, चाळीस रुपयांची कादंबरी आज चाळीसला मिळत नाही. भिजले तर उन्हात वाळवू नका आणि इस्त्री फिरवू नका. दर आठ-दहा पानांमागे कोरा, बिनछपाईचा कागद घालून पंख्याखाली उभे ठेवा, कागद ओला झाला की बदला, आणि दुसऱ्या दिवशीच घेऊन या. बेळगावच्या पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. चिकटपट्टी लावून 'दुरुस्त' केलेले पुस्तक आणू नये, ती काढताना अक्षरे सुटून येतात.

दिवाळी अंक कधी मिळतात?

स्वतंत्र वर्गणी असते आणि अंक थोड्या दिवसांसाठीच मिळतो, कारण एका अंकामागे बरेच वाचक रांगेत असतात. जुने अंक हवे असतील तर आधी विचारून या. ते सहसा घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचे. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ चा, 'मनोरंजन'चा. त्यानंतरच्या कित्येक दशकांतल्या अंकांचा कागद हलका, आम्लधर्मी आहे. घडी घातलेल्या जागी पान तुटते.

घरात माळ्यावर मोडी कागदांचे गाठोडे सापडले आहे. आता काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि सर्वाधिक नुकसानही इथेच होते. गाठोडे सापडल्यावर पहिल्या दोन तासांत घरचे लोक जे करतात त्याने शंभर वर्षे टिकलेला कागद जातो. जुन्या कपड्यात बांधलेल्या अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात. तो सोडण्याआधी बाहेरून आणि सोडल्यावर जसाच्या तसा, असे दोन फोटो घ्या. कागद ज्या क्रमाने ठेवले आहेत तो क्रम हीच एक माहिती असते. एका वादाचे, एका वतनाचे कागद सहसा एकत्र असतात. 'व्यवस्थित लावण्यासाठी' ते लहान-मोठे असे वेगळे करू नका.

जून ते सप्टेंबर या काळात उघडूच नका. नोव्हेंबरनंतर, कोरड्या हवेत, सावलीच्या खोलीत पंखा बंद ठेवून उघडा. धूळ मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे झाडा. गुंडाळी कडक झाली असेल तर जोर लावून सरळ करू नका. जाड स्वच्छ कागदावर ठेवून, दोन बाजूंना कापडी पुरचुंडीचे हलके वजन ठेवून थोडी थोडी सोडा. प्रत्येक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला. बॉलपेन नको, शिक्के तर नकोच.

फोटो खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश न लावता घ्या. मोबाईल कागदाला समांतर धरा, बाजूला मोजपट्टी ठेवा आणि पाठीवरचा मजकूरही टिपा. शिक्का, पोच आणि पुढची नोंद बऱ्याचदा तिथेच असते. स्कॅन करायचे तर ३०० डीपीआय पुरते, पण ठिसूळ कागद स्कॅनरमधून ओढू नका.

लॅमिनेशन करू नका. उष्णता आणि प्लॅस्टिक दोन्ही कागदाला मारतात, आणि एकदा केले की उलटवता येत नाही. सरकारी कामासाठी 'ओरिजिनल लॅमिनेट करून ठेवले आहे' असे सांगत येणारे दर महिन्याला भेटतात. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. कसर आणि वाळवी टाळायला जुन्या माणसांची रीत बरी आहे: लाल सुती कापडात बांधायचे, आत वेखंडाचे तुकडे घालायचे, आणि कपाट भिंतीपासून चार बोटे व जमिनीपासून वीतभर लांब ठेवायचे. वेखंड कसरीपुरता, वाळवी त्याने थांबत नाही; भिंतीत वाळवी असेल तर कागद त्या खोलीतून हलवणे हाच उपाय.

कागदावरची तारीख कशी लावायची?

जुन्या कागदांवर शक, फसली किंवा सुहूर अशा वेगवेगळ्या कालगणना असतात. इसवी सन काढायला, शक असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतचा महिना असेल तर ७९. फसली साल असेल तर ५९० किंवा ५९१. सुहूर सन असेल तर ५९९, आणि जानेवारी ते मेअखेरच्या तारखेला ६००, कारण हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते.

सुहूर सन आकड्यात नसून अरबी शब्दांत, एककापासून लिहिलेला असतो: इहिदे म्हणजे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सब्बा ७, समान ८, तिसा ९. सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, म्हणजेच १७६०-६१, पानिपताचे वर्ष. शब्दांची ही बेरीज जमली की कागद न वाचता निदान काळ तरी लावता येतो.

हा कागद कुणाच्या दप्तराशी जुळतो, हे कसे कळणार?

आधी हे पाहा: १९४८ पूर्वी तुमचे गाव कुणाच्या राज्यात होते? बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, पण मध्ये मध्ये संस्थानी गावे होती. बेळगावला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते, रायबाग कोल्हापूरकडे. म्हणून शहापूरच्या घराण्याचा कागद बेळगावच्या कचेरीत शोधून मिळत नाही. ब्रिटिश मुलखातल्या गावासाठी मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत (जुनी सरकारी कागदपत्रे जपणाऱ्या कचेऱ्यांत), कोल्हापूर संस्थानातल्या गावासाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करावी. गावाबद्दल पहिली ओळख करून घ्यायला १८८४ चा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २१ वा खंड, म्हणजे बेळगाव जिल्ह्याचा, पाहावा. तो इंग्रजीत आहे आणि त्याच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर मोफत मिळतात. पुराभिलेखागारात जाताना गाव, तालुका, साल आणि व्यक्तीचे नाव लिहून न्या. 'आमचे जुने काहीतरी बघायचे आहे' म्हटल्यावर कुणीही मदत करू शकत नाही.

जमिनीच्या दाव्यासाठी वाचन हवे असेल तर लिप्यंतर करणाऱ्याची सही-शिक्का चालतो का, हे वकिलाला आधी विचारा. संग्रहालयात हौसेने करून दिलेले वाचन कोर्टात पुरावा म्हणून चालतेच असे नाही.

विहीर किंवा पाया खणताना नाणी, मूर्ती सापडली. संग्रहालयात आणून देऊ का?

आणू नका. तिथेच काम थांबवा, फोटो घ्या, जागा झाका आणि डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयाला) लेखी कळवा. जमिनीतून निघालेल्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. वस्तू हलवली की ती किती खोलीवर, कोणत्या मातीत, कशासोबत होती ही माहिती जाते, आणि संशोधकाला वस्तूइतकीच ती हवी असते. वडगाव-माधवपूर इथे सातवाहनकालीन वस्ती उत्खननात सापडली आहे, तेव्हा आपल्या परसातल्या खापरांना कचरा समजू नये. नाणी चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासू नका. वरचा थर गेला की अक्षरेही जातात.

घरातल्या जुन्या मूर्ती, पोथ्या आमच्याच आहेत. त्यांचे काय?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची वस्तू आणि ७५ वर्षांपूर्वीचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. घरात ठेवायला हरकत नाही. दगडी, धातूच्या व लाकडी मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. परवान्याशिवाय विक्रीचा धंदा आणि देशाबाहेर नेणे, दोन्ही बंद. परदेशातल्या मुलासाठी देव्हाऱ्यातला जुना देव बॅगेत घालताना हे लक्षात ठेवा, विमानतळावर अडते.

पुस्तके किंवा वस्तू दान द्यायच्या आहेत.

पोती भरून आणू नका. आधी यादी: नाव, लेखक, साल, स्थिती. पाठ्यपुस्तके, जुनी गाईडे, विश्वकोशाचे सुटे खंड आणि वाळवी लागलेली पुस्तके कुणी घेत नाही, आणि एक वाळवीचे खोके सगळ्या कपाटाला पुरते. कागद किंवा वस्तू देताना देणगी की ठेव, हे लिखित ठरवा. देणगी म्हणजे मालकी गेली, ठेव म्हणजे मुदत संपल्यावर परत. पुढच्या पिढीतले भांडण बहुतेक वेळा याच एका न लिहिलेल्या ओळीवरून होते. 'वडिलांच्या नावाचे वेगळे कपाट' ही अट शक्यतो घालू नये. कपाट अडून राहते, पुस्तके वर्गवारीत जात नाहीत आणि वाचकाला सापडत नाहीत. आतल्या पानावर नावाची चिठ्ठी पुरे.

शाळेची सहल कुठे न्यावी?

एका दिवसात तीन ठिकाणे करू नका. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती (१२०४, रट्ट राजघराण्याच्या काळातली) आणि तिच्या छतातले दगडी कमळ, त्यानंतर टिळकवाडीतले वीरसौध आणि काँग्रेस विहीर: डिसेंबर १९२४ चे गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे अधिवेशन इथेच झाले. अर्ध्या दिवसात हे जमते. कित्तूरचा किल्ला आणि तिथले संग्रहालय सुमारे ५० किलोमीटर, त्याला पूर्ण दिवस द्या आणि २३ ऑक्टोबरच्या कित्तूर उत्सवाच्या दिवसांत टाळा, गर्दीत मुले सांभाळणे कठीण. हलशीच्या जुन्या मंदिरांसाठी खानापूरमार्गे जावे, पावसाळ्यात नको. मराठा लाइट इन्फंट्रीचे संग्रहालय लष्करी हद्दीत आहे, मुख्याध्यापकांचे पत्र, मुलांची यादी आणि शिक्षकांची ओळखपत्रे आगाऊ द्यावी लागतात.

शासकीय संग्रहालये अनेक ठिकाणी सोमवारी किंवा सरकारी सुट्टीला बंद असतात. १ नोव्हेंबरला बेळगावात कुठलाही कार्यक्रम, सहल किंवा प्रदर्शन ठेवू नये, त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातला काळा दिवस असतो. आत जाताना पंधरा-पंधराचे गट करा आणि प्रत्येक मुलाला एक वस्तू निवडून तिचे माप, साहित्य आणि उपयोग लिहायला सांगा. सगळे फलक उतरवून घ्यायला लावले की मुले वस्तूंकडे बघतच नाहीत.

चित्रप्रदर्शन भरवायचे आहे. काय तयारी लागते?

दालन चार-सहा महिने आधी ठरवा; नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या तारखा आधी जातात. बेळगावची चित्रपरंपरा मोठी, के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली इथे चित्रकार घडले, त्यामुळे बघणारा वर्गही जाणकार आहे. वरवर टांगलेले त्याच्या लगेच लक्षात येते.

भिंतीची लांबी मोजून घ्या आणि चित्रांच्या रुंदीची बेरीज तिच्या निम्म्यावर थांबवा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, छोटे-मोठे सगळे त्याच रेषेवर. वरच्या कडा जुळवण्याचा मोह आवरा. मागे दोन कड्या आणि सैल नसलेली तार. एकाच खिळ्यावर टांगलेले चित्र संध्याकाळपर्यंत तिरके होते. जलरंग आणि छापचित्रांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) जास्त उजेड नको, तैलरंगांना २०० चालतो. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवेच, नाहीतर आपल्या दमट हवेत रंग काचेला चिकटतो. ताजे तैलचित्र बोटाला कोरडे लागले तरी आतून ओले असते, बबलरॅपमध्ये थेट गुंडाळले की फुग्यांचे ठसे उमटतात. मध्ये बटर पेपर घाला.

व्याख्यान किंवा व्याख्यानमाला ठेवायची आहे. तारीख कशी निवडावी?

डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असेल तर लॉजच्या खोल्या मिळत नाहीत आणि पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात. गणेश विसर्जन आणि वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक या दिवसांत गावातले रस्ते बंद असतात. परीक्षेच्या मार्चमध्ये तरुण येत नाहीत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे चार कार्यक्रम एकाच संध्याकाळी होतात आणि श्रोते विभागले जातात. एक दिवस मागे-पुढे केला तर सभागृह भरते.

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी काढा. उघड्या जागेवर रात्री १० नंतर वाजवता येत नाही, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र असते. फलक कापडी करा, कर्नाटकात प्लॅस्टिक फ्लेक्सला २०१६ पासून बंदी आहे. नामफलकावर ६० टक्के भाग कन्नड असावा अशी २०२४ ची दुरुस्ती आहे. तात्पुरत्या बॅनरवरही कन्नड मजकूर आधीच घालून परवानगी मागितली तर हेलपाटे वाचतात.

वक्ता पुण्याहून येणार असेल तर अंतर सुमारे ३४० किलोमीटर. त्याच दिवशी निघून संध्याकाळी बोलायला उभे करू नका, घाटात किंवा रस्त्याच्या कामात तास-दोन तास जातात. हेस्कॉमची लाईट जाते हे गृहीत धरून माईकपुरता तरी इन्व्हर्टर ठेवा. मानधन, प्रवासखर्च आणि मुक्काम हे तिन्ही पत्रात वेगवेगळे लिहा.

एखाद्या पुस्तकाची पूर्ण झेरॉक्स मिळेल का?

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षापासून. १९६० मध्ये निधन झालेल्या लेखकाचे लेखन २०२१ पासून मोकळे. हक्क अजून सुरू असलेल्या पुस्तकातली अभ्यासापुरती काही पाने मिळतील, पूर्ण पुस्तक नाही. जुने, शिवण सैल झालेले पुस्तक झेरॉक्स मशीनवर पालथे दाबायला ग्रंथपाल नकार देतील. मोबाईलने फोटो काढायची परवानगी मागा, ती सहसा मिळते.

आईला दिसत नाही, पण पुस्तकांची ओढ आहे.

'सुगम्य पुस्तकालय' या २०१६ पासूनच्या ऑनलाइन संग्रहात दृष्टिहीनांसाठी ध्वनी आणि इतर रूपांतली पुस्तके मिळतात. अपंगत्वाचा दाखला लागतो आणि नोंदणी एकदाच करावी लागते. आईंच्या नावाने घरच्या कुणीतरी करून द्यावी. वाचनालयात आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचून दाखवण्याचा गट असेल तर तिथेही नेता येईल. जायच्या आधी फोन करून जिना किती पायऱ्यांचा आहे ते विचारा, जुन्या इमारतींत लिफ्ट नसते.